आठ पत्त्या आणि एक किल्ली

शुक्रवार, ५ मार्च

आज सकाळी गाडीने संप पुकारला. किल्ली आत जाते, बाहेर येते, पण फिरायचं नाव घेत नाही. स्टेअरिंगही जखडलेलं. हिने मला खाली बोलावलं. मी हलक्या हाताने फिरवून पाहिली, चिडून फिरवून पाहिली, शेवटी वर जाऊन पक्कड आणली. ही म्हणाली, "अहो, जोर नका लावू." मी जोर लावलेला नाही. पक्कड म्हणजे जोर नव्हे, सोय. किल्ली जराशी पिळल्यासारखी दिसतेय खरी, पण ती आधीपासूनच तशी असणार. रोज वापरणाऱ्याचं लक्ष नसतं.

कपाटातली जादा किल्ली आणली. ती कोरी करकरीत, दहा वर्षांत कुणी हात न लावलेली. तीही फिरेना. म्हणजे दोष किल्लीचा नाही, कुलपाचा. हा निष्कर्ष माझा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण या घरात पुढे कुणाच्या लक्षात राहणार नाही.

वेळ मात्र वाईट साधली गाडीने. हिने वीस वर्षं दुसऱ्याच्या पार्लरमध्ये उभं राहून केस कापले. आता स्वतःचं काढलंय. दुकान नाही. जे अंथरुणाला खिळलेत, ज्यांना उठून कुठे जाता येत नाही, त्यांच्याकडे जाऊन केस कापायचे. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात चौदा जण ठरलेत. दर गुरुवारी जायचं, पहिला गुरुवार म्हणजे हा येणारा, अकरा तारीख. तिथल्या मेट्रनबाई फोनवर म्हणाल्या, "आधीच्या बाई दोनदा येतो म्हणून आल्या नाहीत. आमची माणसं सकाळपासून खुर्चीत बसून वाट बघतात हो. तुम्हाला जमणार नसेल तर आत्ताच सांगा." हिने जमेल म्हणून सांगितलंय. तिकडे बस जात नाही. घडीची खुर्ची, झोपलेल्या माणसाचं डोकं धुवायचं ते भलंमोठं घमेलं, पाण्याची टाकी, एवढं सगळं गाडीतच जातं. भाड्याची गाडी एखाद्या दिवशी मिळेल, दर गुरुवारी कोण येणार?

"माझ्या भावाला एक फोन करू का?" असं हिने विचारलं. मी नाही म्हणालो.

हिच्या भावाचं, म्हणजे मेहुणेबुवांचं, स्वतःचं गॅरेज आहे. दोन वर्षं आम्ही बोलत नाही. कारण एवढंच की गॅरेजच्या उद्घाटनाला मला चार शब्द बोलायला उभं केलं आणि मी म्हणालो, "दहावीला तीनदा बसलेला हा मुलगा आज मालक झाला आहे." कौतुकच होतं ते. लोक हसले, तेही कौतुकानेच हसले. मेहुणेबुवा मात्र ताट बाजूला सारून आत निघून गेले. खरं बोललो ही माझी चूक. त्यांनी येऊन दोन शब्द बोलावेत, मी लगेच विसरेन. मी काही मनात ठेवणारा माणूस नाही.

हिला म्हटलं, "मी बदलतो कुलूप. घरी." हिने पिळलेली किल्ली हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाली, "बुधवारी संध्याकाळपर्यंत. नाही झालं तर माझं मी बघेन." काय बघणार ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शनिवार, ६ मार्च

छापखाना बंद होऊन आज सात महिने झाले. एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हाच धंदा. त्यामुळे आता कुठल्याही कामाला हात घालताना आधी त्याबद्दलचं वाचून काढतो. सकाळभर वाचलं. स्टेअरिंगखालचं प्लास्टिकचं झाकण काढायचं. किल्ली पहिल्या खाचेपर्यंत फिरवायची. बाजूच्या बारीक भोकातून एक पीन दाबायची, की कुलूप किल्लीसकट बाहेर सरकतं. नवं तसंच आत सारायचं. वाचायला दहा ओळी.

ही सकाळी गॅलरीत उभी राहून मैत्रिणीशी अर्धा तास बोलत होती. बायका एवढ्या काय बोलतात देव जाणे. जेवताना अचानक म्हणते, "अहो, आधी बॅटरीची काळी तार सोडवायची असते ना?" मी चकित झालो. मी जे वाचलं त्यात हे दुसऱ्या पानावर होतं आणि मी ते पान ओलांडून पुढे गेलो होतो. संसार करता करता बाईमाणसाला असं व्यवहारज्ञान येतं.

दुपारी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. काउंटरवर गर्दी होती, पण दुकानदाराने मला बघितलं आणि सरळ मागे हात घालून खोकं पुढे ठेवलं. मी गाडीचं वर्ष सांगतोय तोवर म्हणतो, "हेच. घेऊन जा." वर एक बारीक पुडीही दिली. "यात सुट्या पत्त्या आहेत, राहू द्या, लागतील तुम्हाला." कशाला लागतील ते विचारलं तर हसला. काही माणसांना गिऱ्हाईक बघूनच कळतं की हा नीट काम करणारा आहे. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "हो, तुमच्याकडे बघून कळतंच," आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

सोमवार, ८ मार्च

मान गेली, कंबर गेली. दिवसभर सीटखाली पाय, स्टेअरिंगखाली डोकं.

झाकणाला सात स्क्रू. प्रत्येक स्क्रू काढला की कागदावर चिकटवायचा, खाली आकडा आणि जागा लिहायची. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ खिडकीतून म्हणाले, "दुरुस्ती चाललीय का प्रदर्शन मांडलंय?" लक्ष दिलं नाही. सातवा स्क्रू सापडत नव्हता, झाकण कडकड वाजायला लागलं. ही वरून ओरडली, "स्टेअरिंग अर्धं फिरवून बघा, त्याच्या मागे लपलेला असतो एक!" स्टेअरिंग जखडलेलं, पण थोडंसं हललं, आणि होता तिथे. तिसऱ्या मजल्यावरून हिला दिसलं कसं? विचारलं तर म्हणे, "अंदाज."

मग खरं घोडं अडलं. पीन दाबायची तर किल्ली एक खाच फिरायला हवी. आणि किल्ली फिरत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप! दोन तास झटलो. तेल सोडलं, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. शेवटी स्क्रू ड्रायव्हर आवारात भिरकावला. तो कुंडीवर आपटला. कुंडी आमचीच होती.

आणि मग, इथे खोटं लिहून उपयोग नाही, मी गाडीत तसाच बसून राहिलो. वाटलं की आपल्याला एकच काम येत होतं आणि ते आता जगाला नको आहे. सात महिन्यांत या घराच्या उपयोगाचं मी एकही काम केलेलं नाही. साधं एक कुलूप. हिचं काम सुरू होण्याआधीच माझ्या हट्टापायी बंद पडणार.

ही चहा घेऊन खाली आली. कप टपावर ठेवला. "जरा सरका," म्हणाली. डाव्या हाताने स्टेअरिंग एका बाजूला हलकं ओढून धरलं, किल्ली पूर्ण आत घालून केसभर मागे घेतली, आणि नुसती बोटांनी फिरवली. टक् करून फिरली.

"कसं काय?" मी ओरडलोच.

"केसांत कंगवा अडकला तर मी ओढते का? जरा मागे घेते, मग सोडवते." आणि मग म्हणाली, "आता हलवू नका. दाबा ती पीन." पीन दाबायला तिने ओच्यातून एक बारीक पोलादी सळई काढून दिली. टोकाला नीट घासलेली, मुठीला काळं ग्रीस. कुठून आणली म्हटलं, तर म्हणे शिलाई मशीनच्या खणात पडली होती. आमच्या शिलाई मशीनला ग्रीस लागतं हे मला माहीत नव्हतं.

कुलूप बाहेर आलं. तळहातावर मावेल एवढं. एवढ्याशा वस्तूने तीन दिवस नाचवलं.

मंगळवार, ९ मार्च

(दुपारी) चालू झाली! नवं कुलूप सारलं, तार जोडली, नवी किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात इंजिन सुरू. मी हॉर्नच वाजवला. ही गॅलरीतून दोन्ही हात हलवत होती. हिला इतकं खूश झालेलं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मेहुणेबुवांना कळवायला हवं कुणीतरी. मी नाही कळवणार.

(संध्याकाळी) नको ते केलं.

नव्या कुलपाची किल्ली नवी, दरवाजांची किल्ली जुनी. म्हणजे एका गाडीला दोन किल्ल्या. ही म्हणाली, "चालेल की, दोन्ही एकाच कडीत अडकवू." मला चालेना. हातात घमेलं, काखेत खुर्ची आणि ही दारात उभी राहून किल्ल्या निवडतेय, हे चित्र मला बघवेना. कुलपाच्या आत आठ बारीक पितळी पत्त्या असतात, प्रत्येकीखाली एक स्प्रिंग. पत्त्यांवर आकडे असतात. जुन्या कुलपात ज्या आकड्यांच्या पत्त्या ज्या क्रमाने आहेत, तशाच नव्यात घातल्या की जुनी किल्ली नव्या कुलपाला चालते. आणि दुकानदाराने दिलेल्या पुडीत सुट्या पत्त्या होत्याच. हे मला इतकं सुंदर वाटलं की राहवलं नाही.

"अहो, चाललीय ना गाडी? कशाला आता हात लावता?" असं ही तीनदा म्हणाली. मी तीनदा "पाच मिनिटं" म्हणालो.

जुन्या कुलपातले आकडे वाचून कागदावर उतरवले. दोनदा ताडून पाहिले. पुडीतून पत्त्या निवडल्या, चिमट्याने एकेक बसवली. एक स्प्रिंग उडाली ती जेवणाच्या टेबलाखाली गेली, सापडली. दुसरी उडाली ती गेलीच. सात स्प्रिंगांवर बसवून जादाची किल्ली घातली. फिरत नाही. आता नवी किल्लीही फिरत नाही. म्हणजे दुपारी चालणारी गाडी संध्याकाळी मी माझ्या हाताने बंद पाडली.

ही टेबलाखाली वाकून हरवलेली स्प्रिंग शोधायला लागली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवार, १० मार्च

सकाळपासून तीनदा उघडलं, तीनदा बसवलं. कागदावरचे आकडे आणि पत्त्यांवरचे आकडे जुळतात. तरी किल्ली अडकते. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांच्या जिवावर खाल्लं त्या डोळ्यांना चूक दिसत नाही.

ही दुपारी पिशवी भरत होती. कात्र्या टॉवेलात गुंडाळल्या, कंगवे धुऊन ओळीत ठेवले, चौदा नावांची यादी वरच्या कप्प्यात. मग गॅलरीत गेली. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा कानावर पडलं. ही फोनवर म्हणत होती, "नाही, तू येऊ नकोस. अजून वेळ आहे. त्यांचं त्यांना करू दे रे."

रे.

मी ग्लास हातात धरून उभाच राहिलो. कुठली मैत्रीण कुलूप बसवायला येणार होती? काळी तार, सातवा स्क्रू, ग्रीसची सळई, माझं बोलणं पुरं होण्याआधीच खोकं पुढे करणारा दुकानदार, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. आधी संताप आला. पाच दिवस नवराबायको म्हणून एका टेबलावर जेवतो आणि पाठीमागे हे! मला शेंडी लावली दोघांनी मिळून!

टेबलावरचं कुलपाचं सामान आणि कागद उचलला, चप्पल घातली, खाली गेलो, गाडीत बसलो. दार लावून घेतलं. बसल्याबसल्या संताप कधी ओसरला कळलं नाही. मागच्या सीटवर हिची घडीची खुर्ची ठेवलेली होती. सोमवारपासून तिथेच आहे ती. गाडी उघडी पडलेली, कुलूप बाहेर काढलेलं, आणि हिने खुर्ची आणून ठेवली होती. माझ्यावर एवढा विश्वास कुणी ठेवला की मला रडायलाच येतं, हा माझा जुना दोष आहे.

फोन लावला. दोन वर्षांनी. एकाच घंटीत उचलला.

"बोला भावोजी."

कसे आहात नाही, काय नाही. मीही म्हटलं, "पत्त्या बसत नाहीत."

"किती आहेत?"

"आठ. आकडे बरोबर आहेत. चारदा तपासलेत."

"असणारच. क्रम कुठून धरला? किल्लीच्या मुठीकडून की टोकाकडून?"

मी कागद बघितला. आणि चूक दिसली. मुद्रित तपासताना शेवटची फेरी आम्ही शेवटच्या शब्दापासून मागे वाचतो. पुढून वाचलं की डोळा अर्थाच्या मागे धावतो आणि चुका निसटतात. हाताला तीच सवय. जुन्या कुलपातले आकडे मी टोकाकडून वाचले, आणि नव्यात बसवताना मात्र मुठीकडून बसवले. आठच्या आठ पत्त्या उलट्या. आणि पुन्हा तपासताना कागद बरोबर, आकडे बरोबर, म्हणून प्रत्येक वेळी पास.

सांगितलं त्यांना. पलीकडून काही आवाज येईना. मग कळलं, हसू दाबताहेत.

"हसा," म्हटलं. "मोठ्याने हसा, हक्क आहे तुमचा."

हसले. इतके हसले की मलाही हसू फुटलं. हसू ओसरलं. मी म्हणालो, "उद्घाटनाच्या दिवशी मी जे बोललो..."

"मला वाईट वाटलं होतं भावोजी. आई बसली होती पुढे. तिला गावभर सांगायला आवडायचं की पोराने गॅरेज काढलं. त्यानंतर बंद केलं तिने सांगणं."

हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की त्या खुर्च्यांवर सासूबाई बसल्या होत्या.

"चुकलं माझं," म्हणालो. "कौतुक करायला उभा राहिलो आणि शहाणपणा दाखवून बसलो. आईंना मी येऊन सांगेन. हात जोडून सांगेन."

"याल तेव्हा याल," म्हणाले. आणि लगेच कामाकडे वळले. "आता मुठीकडची पहिली पत्ती घ्या. घाई करू नका. मी आहे फोनवर."

चाळीस मिनिटं होते. हरवलेल्या स्प्रिंगच्या जागी जुन्या कुलपातली काढून घालायला लावली. मधे विचारलं, "सुट्या पत्त्यांची पुडी तुम्हीच ठेवायला सांगितलीत ना?" तर म्हणतात, "एका गाडीला दोन किल्ल्या तुम्ही चालवून घेणार? ओळखत नाही का मी तुम्हाला?"

पावणेसहाला जुनी किल्ली नव्या कुलपात फिरली. इंजिन सुरू झालं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. सात स्क्रू कागदावरून सोडवून जिथल्या तिथे लावले. वर आलो तर ही दारातच उभी. मी म्हटलं, "तुझ्या मैत्रिणीला सांग, झालं." हिने एकदम माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना आत्ता? मग मी कशाला परत?" आणि डोळे पुसत आत गेली.

गुरुवार, ११ मार्च

साडेसातला गेली. सामान मी भरलं. किल्ली तिने एकटीने लावली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी आवारात उभा होतो.

तोवर बरं होतं. वर आल्यावर मनात किडा वळवळला. जाताना चालू झाली, पण तिथे पोचल्यावर ती बंद करणार. चार तास गाडी उन्हात उभी राहणार. आणि मग? एखादी पत्ती नीट बसली नसेल तर? जुनी स्प्रिंग दमलेली असेल तर? ही त्या माळावर घमेलं आणि खुर्ची घेऊन उभी, आणि पुढच्या गुरुवारी मेट्रनबाई तिसऱ्या बाईला फोन लावताहेत. वर्तमानपत्र उघडलं, एक ओळ वाचता येईना.

दहा वाजता घंटी वाजली. मेहुणेबुवा. केस पिकलेत दोन वर्षांत. हातात काही नाही, तोंडात "सहज इकडून चाललो होतो". गॅरेज शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, सहज इकडून कुणी जात नाही. मी या म्हणालो. चहा मी केला. त्यांनी प्यायला आणि साखर विसरल्याचं सांगितलं नाही.

मग आम्ही बसलो. फोन टेबलावर, आम्ही दोन बाजूंना. बोलण्यासारखं दोन वर्षांचं साचलेलं, पण दोघांचे डोळे फोनवर. अकरा झाले. बारा झाले. मी म्हटलं, "लावू का मीच?" ते म्हणाले, "कात्री असेल ताईच्या हातात. कुणाचा कान जाईल." मी फोन परत खाली ठेवला. साडेबाराला मी विचारलं, "ती जुनी स्प्रिंग टिकेल ना?" ते म्हणाले, "टिकायला पाहिजे." हे मला अजिबात आवडलं नाही. मग पाहिलं तर त्यांचाही पाय हलत होता.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मी झडप घातली, मोठ्या आवाजावर टाकला.

"चौदाच्या चौदा झाले," ही म्हणाली. आवाज दमलेला, पण असा उजळलेला की मी तो ओळखलाच नाही. "एका आजोबांनी आरसा सोडला नाही शेवटपर्यंत. मेट्रनबाईंनी दाराशी पाटी लावलीय, दर गुरुवारी म्हणून. अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. गाडीत आहेस?"

"आत्ता बसले. अजून लावली नाही. म्हटलं, तुम्ही बरोबर असताना लावावी."

"मीही आहे ताई," मेहुणेबुवा म्हणाले.

पलीकडे हिने नाक ओढलं. मग म्हणाली, "दोघं गप्प बसा आता."

आम्ही गप्प बसलो. दोघांची डोकी फोनवर वाकलेली. तिकडे सीट करकरली. किल्ली आत गेल्याचा आवाज आला, आणि लगेच इंजिन सुरू झालं.

मेहुणेबुवांनी माझा हात टेबलावर इतका जोरात दाबला की अजून दुखतोय. मी फोन आणखी जवळ ओढला. आणि म्हटलं, "बंद कर आणि परत लाव एकदा."

तिने परत लावली.